नारळांवर मोजलेले दिवस

आमच्या वडगावात विजेवरच्या मागाच्या घरांत दिवस कॅलेंडरवर मोजत नाहीत. कॅलेंडर भिंतीला असतं, पण त्यावर गॅसची टाकी कधी लावली तेवढंच लिहितात. बाकी सगळं बीमवर. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागं चढवायचा मोठा रूळ, त्यावर चाळीसएक साड्यांचा ताणा, म्हणजे उभे दोरे, गुंडाळलेला असतो. तो सरायला साधारण दीड महिना लागतो. नवा बीम चढला की घरातल्या बाईनं हळदीकुंकू लावायचं आणि नारळ फोडायचा. त्यामुळं आमच्याकडं कुणी विचारलं, तुझ्या भावाचं लग्न कधी झालं, तर उत्तर येतं, अहो, दोन नारळ झाले की आता.

मी देव मानत नाही. तीस वर्षं तरी झाली असतील. रागानं नाही सोडला, हळूहळू सुटला, जसा एखादा दागिना घालायचा राहून जातो तसा. पण वेळ आली की नारळ मी फोडते. सून एकदा हसून म्हणाली होती, "आत्ती, देव न्हाय म्हणता आन नारळ बरा फोडता." मी म्हटलं, "देव नसंल, चटणी तर हाय न्हवं."

ही सून सदलग्याची. कन्नड शाळेत बारावीपर्यंत शिकलेली, मराठी माझ्यापेक्षा नीट लिहिणारी. मी चौथी. पुढचं सगळं मी पुड्याच्या कागदांवरून आणि पोरांच्या पुस्तकांवरून शिकले. तिला एक मुलगी, एक मुलगा. मुलगा शाळेत जायला लागल्यावर तिनं इकडंतिकडं अर्ज केले आणि गेल्या उन्हाळ्यात तिला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळालं, जूनपासून. त्या दिवशी तिनं मागावर उभ्या उभ्या स्वतःशी गाणं म्हटलं. मागाच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं, ओठ तेवढे हलत होते.

आणि मे महिन्यात, दुपारची भाकरी थापताना, तिनं मला सांगितलं की तिला दिवस गेलेत.

तिनं तव्याकडं बघतच सांगितलं. मग म्हणाली, "आम्ही ठेवणार न्हाय. तुमच्या पोरानं गोळ्या आणल्यात. पोरं सदलग्याला हायती तवर उरकून घेतो."

गोळ्या त्यानं निपाणीच्या पुढं, राज्याच्या हद्दीपलीकडून, कुणा दोस्ताकरवी आणलेल्या. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. इथं ओळखीच्या दुकानात मागितल्या तर गल्लीभर होईल म्हणून.

मला ते नको होतं. पण मी सासू. सासवा बोलायला लागल्या की सुनांचं काय होतं ते मी स्वतः भोगलंय, त्यामुळं या घरात मी तोंड आवरूनच राहिले होते. ती म्हणाली, "गोळ्या लवकरच्या दिवसांतच घेत्यात म्हणं. आत्ती, मोराच्या काठाचा बीम चढवला त्याला किती झालं? त्या दिवशी मी बाजूला बसलती, ध्यानात हाय तुमच्या?"

ध्यानात होतं. ती बाजूला बसली होती, म्हणजे पाळीत होती, म्हणून नारळ मी फोडला होता. तिचं पाळीचं तसं काही ठरलेलं नसायचं. थायरॉइड आहे, कधी दोन दोन महिने येत नाही, त्यामुळं तिला शंका येण्यातच वेळ गेला. मी बोटांवर मोजलं. मोराचा नारळ फोडला, त्यानंतर दुसरा नारळ नाही. तो बीम परवा सरला. म्हणजे एक बीम.

"दीड महिना," मी म्हटलं. "सहा आठवडं धर."

तिनं मान हलवली आणि भाकरी उलटली. हा हिशोब माझा होता. तो मी माझ्या तोंडानं दिला. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कुणी म्हणेल की म्हातारीनं वेळेवर वाचवलं. आधी मीच ढकललं होतं.

त्या दोन दिवसांत मला जेवण जाईना. तुम्ही म्हणाल, देव नाही, पाप नाही, मग तुला कसली धास्ती? तेच तर सांगायचंय. माझा तिसरा गेला तो मीच जाऊन पाडून आले होते. चाळीस वर्षं झाली. पदरात दोन लहान, एक खोली, त्यात माग. सासूबाई म्हणाल्या, "अजून जीव धरला न्हाय त्यानं. आन धरला असला तरी परत तुझ्याच पोटी यील, काय जात न्हाय." नवरा खाली बघून बसला. डॉक्टर चांगला होता, कायद्यानं झालं, मला काही अपाय झाला नाही. तिसऱ्या दिवशी मी मागावर होते. मला रात्री स्वप्नं पडत नाहीत, कुणी हाका मारत नाही. तसलं काही मी सांगणार नाही, कारण तसलं काही झालंच नाही.

झालं ते वेगळंच. माझा पोरगा दहावीला असताना त्याचं विज्ञानाचं पुस्तक मी वाचत बसायची. तो दमून झोपायचा आणि मी दिव्याजवळ बसून एकेक ओळ लावायची. त्यात एक चित्र होतं. पहिल्या दिवसाचा ठिपका, मग दोन, मग चार, मग पुढं पुढं शेपटीसारखं काहीतरी, मग बोटं. मला तोपर्यंत वाटायचं, आधी नुसता गोळा असतो आणि मग कधीतरी त्यात माणूस येऊन शिरतो. सासूबाई सांगायच्या तसं. मी ते पान पुढं-मागं करून बघितलं. कुठंही कोण शिरताना दाखवलं नव्हतं. पहिल्या ठिपक्यापासून तेच ते होतं, नुसतं वाढत होतं.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या पोटात काय होतं. आणि देव सुटलेला असल्यानं मला सासूबाईंचा आधारही राहिला नाही. मानणाऱ्याला म्हणता येतं, परत येईल. मला ते म्हणता येत नाही. माझ्या हिशोबी प्रत्येकजण एकदाच येतो. तो एकदाच आलेला मी घालवला, आणि त्याची माफी मागायला वर कुणी नाही. ही भीती नरकाची नाही. नरक असता तर बरं झालं असतं, तिथं निदान कुणी जाब विचारणारा असता.

हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि आता स्वयंपाकघराच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागं, त्या गोळ्या होत्या.

शनिवारी दुपारी मी सांधायला बसले. जुना बीम सरला की त्याची टोकं मागातच अडकवून ठेवतात आणि नव्या बीमचा एकेक दोरा त्या टोकाला जोडतात. हजारो दोरे. बोटांना राख लावायची, दोन दोरे चिमटीत धरायचे, पीळ द्यायचा, पुढचे दोन. मुलगा मागावर उभा राहतो, सून घर बघून मागावर येते, पण सांधणं अजून माझंच. दिवसभर मागाच्या पाठीमागं वाकून बसलं की माझी कंबर धरते आणि पुढं चार दिवस सुटत नाही. सुनेनं ठरवलं होतं, उद्या रविवारी सकाळी पहिली गोळी.

बसले, शंभरएक दोरे झाले असतील, आणि कंबरेत पहिली कळ आली. मी मनात म्हटलं, गेल्या वेळची जाती न जाती तोवर परत.

आणि हात थांबला.

गेल्या वेळची कधीची? मोराचा बीम चढवला तेव्हा सांधलं होतं, ते एक. आज हे दुसरं. मग मधल्या काळात मी दोनदा हळद आणि तेल लावून पालथी का पडले होते? नात माझ्या पाठीवर उभी राहून पाय देत होती, एकदा नव्हे, दोनदा. मी डोळे मिटले आणि आठवायला लागले.

मोराचा बीम मध्येच उतरवला होता. शहापूरच्या माझ्या दिराची मोटर जळाली होती, त्याच्याकडं लग्नाची ऑर्डर अडकली होती, म्हणून त्याचा अर्धा विणलेला लाल बीम आम्ही आमच्या मागावर चढवला. मोराचा बीम चादर गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. लाल सरल्यावर मोर परत चढवला. म्हणजे दोन सांधण्या. पण नारळ एकही नाही. कारण लाल बीमचा नारळ दिराच्या घरी आधीच फुटलेला, आणि मोराचा आमच्या घरी फुटलेला. एकाच बीमला दोनदा कोण नारळ फोडणार? आणि कोपऱ्यात उभा असलेला बीम आमच्यात कुणी मोजत नाही. तो काळ धरतच नाही, जणू माग नाही तर दिवसही नाही.

अर्धाच उरला होता, पण लग्नाच्या भरगच्च साड्या, सावकाश विणायच्या, म्हणून लाल बीम दोन महिने चालला होता.

मी घाईनं उठले. राखेचे हात लुगड्याला लागले. सहा आठवडे नाहीत. साडेतीन महिने. आणि माझ्या तोंडच्या हिशोबावर ती पोरगी उद्या घरात, डॉक्टर नसताना, दार लावून गोळी खाणार. मला पहिल्यांदा पोटातलं आठवलं नाही. पहिल्यांदा तीच आठवली, न्हाणीघरात पडलेली. माझ्या चुलतीची एक शेजारीण अशीच गेली होती, पोट पाडायच्या कसल्याशा झाडपाल्यानं. त्या घराच्या उंबऱ्यावरून रक्ताचं पाणी बाहेर आलं होतं, ते मी लहानपणी बघितलंय.

सून मागच्या अंगणात कपडे पिळत होती. मी भिंतीला धरून गेले.

"गोळ्या खाल्ल्यास का?"

"उद्या की आत्ती. काय झालं? सांधायचं सोडून आला?"

"मी चुकले गं. लाल बीम धरलाच न्हाय मी."

तीही मोजायला लागली, ओल्या बोटांवर. मागाच्या घरातली सून ती, तिला समजवावं लागलं नाही. तिच्या हातातला परकर खाली पडला. ती तिथंच दगडावर बसली आणि म्हणाली, "आवो, म्हणून मला परवापासनं आत काय तर हलल्यावाणी वाटतंय. मी गॅस समजून ओवा खाल्ला."

भ्यालेल्या दोन बायका. तिला मी पाणी दिलं, तिनं मला दिलं.

संध्याकाळी मुलाला घेऊन तिघं शहापुरात डॉक्टरीणबाईंकडं गेलो. बाईंनी तिला आत नेलं, तपासलं, मशीनवर बघितलं. बाहेर येऊन मुलाला विचारलं, गोळ्या कुणी दिल्या. तो सांगेना. मग त्यांनी त्याला कन्नडमध्ये असं झाडलं की बाहेर बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मला कन्नड सगळं कळतं, पण ते इथं लिहीत नाही. शेवटी मराठीत म्हणाल्या, "पंधरा आठवडे झालेत. घरी रक्त सुरू झालं असतं तर हिला इथवर आणायला तुम्हाला वेळ मिळाला नसता."

मुलानं हळूच विचारलं, "मग आता इथं, दवाखान्यात, करता येतं का?"

बाई म्हणाल्या, कायद्यानं येतं. तिची इच्छा असेल तर. नीट विचार करून परवा या.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "मग परवाच जाऊन येऊ. आता डॉक्टर हाय म्हटल्यावर भ्यायचं कारण न्हाय."

आणि मला कळलं की माझी भीती काही गेलेली नाही. सुनेच्या जिवाची गेली होती, पोटातल्या दुसऱ्या जिवाची तशीच होती. आता गप्प राहिले तर परत कधी बोलायला तोंड उरणार नाही. मी म्हटलं, "मला वाटतं, ठेवावं."

"आई, तू मध्ये पडू नको," मुलगा म्हणाला. "तू काय आता सोवळ्यात गेलीस काय? आयुष्यभर देव न्हाय, देव न्हाय म्हणून आम्हाला शिकिवलंस."

सून म्हणाली, "व्हय की आत्ती. तुम्हाला पाप लागत न्हाय म्हणता. मग कुणाला भ्याताय?"

तेव्हा मी त्यांना तिसऱ्याचं सांगितलं. माझ्या मुलाला पहिल्यांदाच कळलं की त्याच्या पाठीवर आणखी कोणी होतं. मी रडले नाही. मी म्हटलं, पाप लागत न्हाय, कुणी शिक्षा करत न्हाय, म्हणूनच भ्याते. कुणी बघणारा नसला की सगळं आपल्यावरच येतं. पोटातलं ते तुझंबी न्हाय, माझ्या पोराचंबी न्हाय, माझं तर न्हायच न्हाय. ते त्याचं स्वतःचं हाय, आणि या घरात त्याच्याकडनं बोलायला कुणी न्हाय. तुझा जीव धोक्यात असता तर मीच म्हटलं असतं, आधी हिला वाचवा. पण तसं न्हाय. अडचण हाय. अडचण मोठी हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण अडचणीपायी माणूस कमी करायचा, हे मला आता पटत न्हाय. एकदा केलंय म्हणून तर पटत न्हाय.

मुलगा म्हणाला, "बोलायला काय जातंय. निस्तरणार कोण?"

हे त्यानं बरोबर विचारलं. या गोष्टीला नको म्हणणारे पुष्कळ बघितलेत मी. दारात येऊन नको म्हणतात आणि चप्पल घालून घरी जातात. रात्री उठायचं, दुपटी धुवायची, नोकरीवर पाणी सोडायचं ते सगळं तिच्या वाट्याला. तसं नको म्हणायचं असेल तर न म्हटलेलं बरं. मी म्हटलं, "दूध पाजायचं सोडून सगळं मी करीन. हिनं नोकरी सोडायची न्हाय."

सुनेनं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. अडुसष्ट वर्षांचे गुडघे. ती उठून आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. मी त्या दोन दिवसांत जितकी भ्याले तितकी कधीच नाही. ती जाईल याची भीती, आणि ती माझ्यासाठी म्हणून थांबेल याचीही. मी सासू आहे, माझं म्हणणं नुसतं म्हणणं राहत नाही, त्याचं ओझं होतं. परवाचा दिवस आला. ती आवरून बाहेर आली, पर्स खांद्याला. मी उंबऱ्याजवळ उभी. ती म्हणाली, "बाईंना रक्त वाढायच्या गोळ्या विचारून येते. तुम्ही कुकर लावा."

मी कुकर लावला. तीन शिट्ट्यांच्या जागी किती झाल्या मला कळलं नाही, डाळीचं पिठलं झालं.

पुढचं सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. शाळेत तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, आधी मोकळ्या व्हा, मग बघू. मग बघितलं तेव्हा त्या खुर्चीवर दुसरी मुलगी होती. ती बातमी घेऊन सून घरी आली तेव्हा मी तिच्याकडं बघू शकले नाही. माझ्या म्हणण्यानं तिचं हे गेलं. ते मी नाकारत नाही, आणि त्यामुळं माझं म्हणणंही बदलत नाही. दोन्ही मला बरोबर घेऊनच राहावं लागतं. ज्या बायकांनी केलं त्यांच्याकडं मी बोट दाखवत नाही, मी त्यांच्यातलीच आहे. मी फक्त एवढंच म्हणते, तिथं कुणी नव्हतं असं मला सांगू नका.

दिवाळीच्या सुमाराला मुलगी झाली. नाक आमच्या घरचं, ओरडणं सदलग्याचं.

ती पाच महिन्यांची झाल्यावर सुनेला एका झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतात, आमच्या मराठी बायकांना ते कळत नाहीत, ही भरून देते. शाळेपेक्षा पगार कमी. साडेनऊला ती जाते. तिथून ती परत येईपर्यंत घरात मी आणि ही पोरगी. मुलगा पलीकडं मागावर, त्याला हाक ऐकू जात नाही. मी तिला खाटेवर घेतच नाही. खाली सतरंजी टाकून मी तिच्याजवळ बसते, म्हणजे माझा तोल गेला तरी ती पडायची नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. दर थोड्या वेळानं बघते.

परवा सून लवकर आली आणि मला तसं बघताना तिनं पकडलं. हसली नाही. चप्पल काढून माझ्याजवळ सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "आत्ती, एक सांगू? तुम्ही भ्यालता म्हणून मी हिला ठेवली न्हाय. तसं मनात धरू नका."

"मग?"

"माझं मी ठरिवलं. तुमचं ऐकलं, आन मग माझं मी ठरिवलं."

कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं काहीतरी थोडं हललं. पण ती चहा ठेवायला आत गेली, आणि मी परत बोट पोरीच्या नाकाशी नेलं. श्वास होता. गरम होता.